पॅक-12 ने पुढचं विद्यापीठ कोणतं घ्यावं? माझं उत्तर: आधी सॅन अँटोनिओ, मेम्फिस त्यानंतर

प्रश्न थोडक्यात असा आहे: "पॅक-12 कॉन्फरन्समध्ये आता फुटबॉल खेळणारी आठ विद्यापीठं झाली. पुढचं घ्यायचं तर मेम्फिस, लास वेगसचं यूएनएलव्ही की टुलेन? घरात यावरून रोज वाद होतात. आमचे हे म्हणतात मेम्फिस. मुलगी म्हणते, कुणीच नको, आहे तोच प्रवास झेपत नाही." विचारणाऱ्या ताईंची मुलगी याच कॉन्फरन्समधल्या, म्हणजे आपसांत सामने खेळणाऱ्या अमेरिकी विद्यापीठांच्या याच गटातल्या, एका विद्यापीठाकडून व्हॉलीबॉल खेळते. फुटबॉल म्हणजे इथे अमेरिकन फुटबॉल.

अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या क्रीडा विभागांत मी बरीच वर्षं काम करतोय. सुरुवातीला संघांचा प्रवास आणि वेळापत्रकं बघायचो, पुढे हिशेबाच्या टेबलावर आलो. या दोन्ही खुर्च्यांवरून जे दिसतं ते टीव्हीवरच्या चर्चेत क्वचितच येतं, म्हणून जरा लांबण लावतो. निकाल मात्र आधीच सांगून टाकतो. पुढचं विद्यापीठ टेक्सासमधलं यूटी सॅन अँटोनिओ, म्हणजे यूटीएसए, असावं. मेम्फिस येणार असेल तर त्याच्या बरोबर किंवा नंतर यावं. एकट्या मेम्फिसला घेऊ नये.

पार्श्वभूमी माहीत नसलेल्यांसाठी आधी थोडं मागे जातो. या कॉन्फरन्सचा उगम 1915 चा. पश्चिम किनाऱ्यावरची सगळी मोठी विद्यापीठं तिच्यात होती. 1978 मध्ये ॲरिझोना आणि ॲरिझोना स्टेट आल्यावर ती पॅक-10 झाली, 2011 मध्ये कोलोरॅडो आणि युटा आल्यावर पॅक-12. मग 30 जून 2022 ला लॉस एंजेलिसच्या यूएससी आणि यूसीएलए या विद्यापीठांनी बिग टेन या दुसऱ्या कॉन्फरन्समध्ये जात असल्याचं जाहीर केलं. पुढच्या वर्षी 27 जुलैला कोलोरॅडो बिग 12 या आणखी एका कॉन्फरन्सकडे गेलं. 4 ऑगस्टला एकाच दिवशी पाच विद्यापीठं निघाली. 1 सप्टेंबरला स्टॅनफर्ड आणि कॅल (बर्कलीचं कॅलिफोर्निया विद्यापीठ) अटलांटिक किनाऱ्यावरच्या एसीसी कॉन्फरन्समध्ये गेली. मागे उरली दोन: कॉर्व्हालिसचं ओरेगन स्टेट आणि पुलमनचं वॉशिंग्टन स्टेट.

या दोघांनी हार मानली नाही, याचं मला आजही मनापासून कौतुक वाटतं. जाणाऱ्या दहा जणांविरुद्ध कोर्टात जाऊन त्यांनी कॉन्फरन्सचा ताबा आणि तिजोरी आपल्याकडे ठेवली. सभासद कमी पडले तरी मिळणारी दोन वर्षांची सवलत वापरली, बास्केटबॉल, व्हॉलीबॉलसारखे बहुतेक खेळ वेस्ट कोस्ट कॉन्फरन्समध्ये पाहुण्यासारखे खेळले आणि सप्टेंबर 2024 मध्ये माउंटन वेस्ट कॉन्फरन्समधून बॉयसी स्टेट, कोलोरॅडो स्टेट, फ्रेस्नो स्टेट, सॅन डिएगो स्टेट आणि त्यामागून युटा स्टेटला आणलं. ऑक्टोबरमध्ये स्पोकेनचं गॉन्झागा आलं. तिथे फुटबॉल संघच नाही, पण बास्केटबॉलमध्ये 2017 आणि 2021 ला राष्ट्रीय स्पर्धेचा अंतिम सामना खेळलेलं विद्यापीठ आहे ते. फुटबॉलच्या वरच्या पातळीवर कॉन्फरन्स म्हणून मान्यता हवी असेल तर किमान आठ सभासद लागतात. तो आठवा आला जून 2025 च्या शेवटच्या दिवशी, टेक्सास स्टेट. ही सगळी मंडळी 1 जुलै 2026 पासूनची.

आता वादाकडे येऊ. लोक पहिली तुलना करतात ती शहराच्या आकाराची आणि गेल्या हंगामातल्या विजयांची. विजयांना मी फार किंमत देत नाही. प्रशिक्षक चांगला निघाला की दोन वर्षांत मोठं विद्यापीठ त्याला उचलून नेतं, आणि आता खेळाडूही दरवर्षी संघ बदलू शकतात. टेक्सास स्टेट वरच्या पातळीवर आल्यानंतरचा पहिला बोल सामना (चांगल्या संघांना हंगामाअखेर मिळणारा खास सामना) 2023 च्या हंगामात खेळलं आणि राइसला हरवून जिंकलं. तेवढ्यावर त्याला निवडलं असतं तर ते चूकच ठरलं असतं. निवड बरोबर होती ती वेगळ्या कारणांनी. ऑस्टिन आणि सॅन अँटोनिओच्या मधोमध आय-35 महामार्गावर बसलेलं, सुमारे 40 हजार विद्यार्थ्यांचं हे विद्यापीठ आहे. टेक्सासमध्ये पाय रोवले की खेळाडू शोधायला अमेरिकेतली सर्वांत सुपीक जमीन मिळते. शिवाय सन बेल्ट कॉन्फरन्समधून बाहेर पडायची फी 1 जुलैला 50 लाख डॉलरवरून दुप्पट होणार होती. विद्यापीठाच्या नियामक मंडळाची बैठक 30 जूनला का झाली, ते यावरून कळेल.

पण आठ हा आकडा कामाचा असला तरी सोयीचा नाही. वेळापत्रक करणाऱ्याला विचारा. फुटबॉलचे नियमित हंगामात बारा सामने. आठ संघ प्रत्येकाशी एकदा खेळले तर कॉन्फरन्सचे सात सामने होतात. म्हणजे अर्ध्या संघांना घरी चार, अर्ध्यांना तीन. घरचा एक सामना गेला की तिकिटं, पार्किंग, खाद्यपदार्थ, गावातली हॉटेलं, सगळंच जातं. वर उरलेले पाच सामने बाहेरून गोळा करायचे. मोठी विद्यापीठं आपल्याच मैदानावर खेळायला बोलावून दहा लाख डॉलरहून जास्त देतात, हे खरं. पण तिथे मार खाल्ला की राष्ट्रीय विजेता ठरवणाऱ्या प्लेऑफसाठीची क्रमवारी घसरते. नऊ संघ असले तर आठ सामने, चार घरी आणि चार बाहेर, कुणाची तक्रार नाही. शिवाय आठातला एक जरी कुणी पळवला तरी कॉन्फरन्स किमान संख्येच्या खाली जाते. ज्यांनी 2023 चा तो उन्हाळा पाहिलाय त्यांना ही भीती समजावून सांगावी लागत नाही.

बास्केटबॉलमध्ये उलट आहे. गॉन्झागा धरून तिथे आधीच नऊ आहेत. नऊ म्हणजे प्रत्येक फेरीला एक संघ रिकामा. दहा झाले की घरी-बाहेर मिळून प्रत्येकाचे 18 सामने होतात आणि पाच जोड्या पडतात.

या जोड्यांबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण माझं सगळं उत्तर इथे अडकलंय. जुन्या पॅक-10 मध्ये पाच जोड्या होत्या आणि पाचही एकेका राज्यातल्या: वॉशिंग्टनची दोन, ओरेगनची दोन, कॅल आणि स्टॅनफर्ड, यूएससी आणि यूसीएलए, ॲरिझोनाची दोन. पाहुणा संघ गुरुवारी एकाशी खेळायचा, शनिवारी दुसऱ्याशी, आणि रविवारी घरी. एका विमान प्रवासात दोन सामने. बास्केटबॉलच नव्हे, व्हॉलीबॉलसारख्या खेळांचीही आठवड्याची घडी या जोड्यांवर बसलेली होती. ज्या खेळांचे सामने टीव्हीवर फारसे कुणी बघत नाही त्यांचा खर्च यामुळे आटोक्यात राहायचा, आणि मुलांचे वर्गही कमी बुडायचे.

आता ताईंच्या मुलीचा एक प्रवास बघा. समजा संघ पुलमनचा आहे आणि सामना टेक्सास स्टेटशी, सॅन मार्कोसला. हवेतून सरळ रेष ओढली तरी अंतर सुमारे अडीच हजार किलोमीटर. फुटबॉल संघाला स्वतंत्र विमान मिळतं, व्हॉलीबॉलला सहसा नाही. पुलमनचा विमानतळ लहान, त्यामुळे बरेचदा बसने आधी स्पोकेन गाठायचं, सुमारे 120 किलोमीटर. तिथून डेन्व्हर किंवा सॉल्ट लेक सिटी, विमान बदलून ऑस्टिन, आणि ऑस्टिनहून पुन्हा बसने 50 किलोमीटर. खेळाडू, प्रशिक्षक, फिजिओ, व्हिडिओवाला, अभ्यासाची सल्लागार असे मिळून वीस-पंचवीस जण. चेंडूंच्या पिशव्या, उपचाराची पेटी, सगळं सामान वेगळं मोजून द्यायचं. बर्फामुळे स्पोकेनचं विमान उशिरा निघालं तर डेन्व्हरला पंचवीस जणांना एका विमानात जागा मिळत नाही, संघ दोन तुकड्यांत पोहोचतो. वेळ दोन तासांनी पुढे. हॉटेलच्या मीटिंग रूममध्ये एक मुलगी रसायनशास्त्राची परीक्षा देत असते आणि सल्लागार बाई समोर घड्याळ लावून बसलेल्या असतात, कारण प्राध्यापकांनी तेवढ्याच अटीवर परवानगी दिलेली असते. आणि हे सगळं कशासाठी, तर एका सामन्यासाठी. टेक्सासमध्ये कॉन्फरन्सचं दुसरं विद्यापीठच नाही. शनिवारचा सामना खेळायला पुन्हा विमानात बसून कोलोरॅडो किंवा युटाला जायचं.

सॅन मार्कोसहून सॅन अँटोनिओ 80 किलोमीटरवर आहे. यूटीएसए आलं की गुरुवारी एक सामना, शुक्रवारी तासाभराचा बसप्रवास, शनिवारी दुसरा सामना. एवढ्यासाठी एखाद्या विद्यापीठाला घ्यायचं का, असं विचारतील. या एकाच कारणासाठी नाही, पण सगळ्यात आधी या कारणासाठी, हो.

नुसत्या अंतराने पोट भरत नाही, हे मलाही कळतं. म्हणून यूटीएसएकडे बाकी काय आहे ते पाहू. सॅन अँटोनिओ लोकसंख्येने अमेरिकेतलं सातव्या क्रमांकाचं शहर आहे, 14 लाखांच्या वर वस्ती, आणि तिथे व्यावसायिक फुटबॉलचा एनएफएल संघ नाही. अलामोडोम हे शहराच्या मालकीचं बंदिस्त स्टेडियम तयार उभं आहे. 2011 मध्ये विद्यापीठाने फुटबॉल सुरू केला तेव्हा पहिल्याच सामन्याला 50 हजारांहून जास्त लोक आले होते. 2021 आणि 2022 ला लागोपाठ कॉन्फरन्स यूएसएचं विजेतेपद घेतलं, 2023 मध्ये अमेरिकन कॉन्फरन्समध्ये गेले. टेक्सास स्टेटशी त्यांचं आय-35 वरचं वैर जुनं आहे आणि अशा सामन्यांना तिकिटं विकायला जाहिरात लागत नाही. आणखी एक गोष्ट महत्त्वाची: 2023 मध्ये अमेरिकन कॉन्फरन्समध्ये जी सहा विद्यापीठं आली, त्यांना जुन्या सभासदांपेक्षा टीव्हीच्या पैशातला कमी वाटा ठरला होता. घरात धाकटं म्हणून वागवलं जात असेल तर नवं घर बघायला ती मंडळी लवकर तयार होतात.

आक्षेप ठरलेला आहे. सॅन मार्कोस तिथून एवढ्या जवळ आहे तर टीव्हीला नवा प्रेक्षक कुठला मिळणार? आक्षेपात तथ्य आहे. पण पॅक-12 ने सीबीएस, सीडब्ल्यू आणि यूएसए नेटवर्क अशा वाहिन्यांशी जे करार केलेत, त्यांतला सीबीएसचा करार 2030-31 च्या हंगामापर्यंत आहे. हा काळ केबलच्या जुन्या गणिताचा नाही. पूर्वी कॉन्फरन्सची स्वतःची वाहिनी एखाद्या शहरातल्या प्रत्येक केबलधारकाकडून महिन्याला पैसे घ्यायची, मग तो सामने बघो न बघो. तेव्हा शहराचा आकार म्हणजेच पैसा होता. आता वाहिनी विचारते की शनिवारी रात्री या दोन संघांचा सामना किती लोक मुद्दाम लावून बघतील. दोन शेजाऱ्यांचं भांडण तिथे चालतं.

मेम्फिसबद्दल माझ्या मनात आदर आहे. शहराला बास्केटबॉलचं वेड आहे, 1973 आणि 2008 ला संघ अंतिम फेरीपर्यंत गेला होता (2008 चा तो हंगाम एनसीएएने, म्हणजे विद्यापीठांच्या खेळांवर देखरेख करणाऱ्या संस्थेने, नंतर रद्द केला). फेडेक्ससारखी कंपनी गावात आहे आणि विद्यापीठाच्या मागे उभी राहते. गॉन्झागा, 2023 चा उपविजेता सॅन डिएगो स्टेट आणि मेम्फिस असे तिघे एका कॉन्फरन्समध्ये आले तर मार्चच्या एनसीएए स्पर्धेत दरवर्षी तीन-चार जागा मागता येतील. त्या स्पर्धेत अंतिम सामना सोडून प्रत्येक सामन्यामागे कॉन्फरन्सला एक युनिट, म्हणजे स्पर्धेच्या पैशातला एक वाटा, मिळतं आणि एका युनिटचे सहा वर्षांत मिळून सुमारे 20 लाख डॉलर येतात. आमच्यासारख्या हिशेब बघणाऱ्यांना हा आकडा झोपेतही पाठ असतो. तेव्हा ताईंच्या यजमानांचं म्हणणं हवेतलं नाही.

अडचण दोन ठिकाणी आहे. एक, मेम्फिसचं लक्ष कायम दुसरीकडे असतं. 2025 च्या उन्हाळ्यात प्रायोजकांचे सुमारे 20 कोटी डॉलर सोबत आणतो असा प्रस्ताव घेऊन ते बिग 12 च्या दारात उभे होते, आणि बिग 12 ने नाही म्हटलं. पुढच्या वेळी हो म्हटलं तर ते त्याच दिवशी निघतील, आणि त्यांच्या जागी मी असतो तर मीही निघालो असतो. दोन, मेम्फिस मिसिसिपी नदीच्या काठावर आहे. पुलमनहून अडीच हजार किलोमीटरच्या वर, आणि आजूबाजूला आपल्या कॉन्फरन्सचं कुणीही नाही. अशा दोन एकट्या चौक्या, एक सॅन मार्कोस आणि एक मेम्फिस, म्हणजे प्रत्येक संघाच्या हंगामात दोन सुट्या लांबच्या फेऱ्या. फुटबॉल वर्षातून एकदा जातो, त्याला फरक पडत नाही. पण फुटबॉलच्या नफ्यासाठी घेतलेल्या निर्णयाचं बिल शेवटी सॉफ्टबॉल, टेनिस आणि व्हॉलीबॉल भरतात. विद्यापीठाने पैसे कमी पडले म्हणून एखादा खेळच बंद केला, असं या देशात वारंवार झालंय, आणि बंद होतात ते हेच खेळ. म्हणून म्हणतो, टेक्सासमध्ये दोन झाले की मेम्फिसचा विचार मोकळेपणाने करा.

टुलेन न्यू ऑर्लिन्सचं खासगी विद्यापीठ, संशोधनात अव्वल. कुलगुरूंना अशा नावाशेजारी बसायला आवडतं, आणि मतं कुलगुरूच देतात हे विसरू नका. 2 जानेवारी 2023 ला कॉटन बोलमध्ये त्यांनी यूएससीला 46-45 असं हरवलं होतं. 2025 च्या हंगामात तर ते अमेरिकन कॉन्फरन्समधूनच प्लेऑफला पोहोचले. मग त्यांनी तिथून का हलावं? आपण बोलावून ते येणार नाहीत. सप्टेंबर 2024 मध्ये मेम्फिस, टुलेन, साउथ फ्लोरिडा आणि यूटीएसए या चौघांनीही एकत्र निवेदन काढून नकार दिला होता, हेही इथेच सांगायला हवं. तेव्हा पॅक-12 कडे टीव्हीचा करार नव्हता, सभासद पुरेसे नव्हते. आज दोन्ही आहेत, म्हणून पुन्हा विचारण्यात अर्थ आहे, विशेषतः कमी वाट्यावर बसलेल्याला.

यूएनएलव्ही. लास वेगस, अलीजिअंट स्टेडियम, पॅक-12 च्या नकाशात नेमकं मधोमध. सगळं पसंत आहे. पण 2024 मध्ये त्यांनी माउंटन वेस्टबरोबर नवा करार केला, टीव्हीचे हक्क 2032 पर्यंत बांधून दिले आणि त्या बदल्यात मोठी रक्कम कबूल करून घेतली. वर ते आणि रीनोचं नेवाडा विद्यापीठ एकाच राज्य मंडळाखाली येतात, त्यामुळे एकाला सोडून दुसऱ्याने निघणं हा राजकीय विषय होतो. शिवाय माउंटन वेस्टशी पॅक-12 चं आधीच बिनसलंय. 2024 च्या हंगामासाठी दोघांनी 1.4 कोटी डॉलरचा सामन्यांचा करार केला होता, त्यात एक कलम होतं: आमचं विद्यापीठ पळवलं तर पहिल्यासाठी 1 कोटी डॉलर दंड, पुढच्या प्रत्येकासाठी 5 लाखांनी जास्त. पाच नेली, हिशेब 5.5 कोटींवर गेला आणि प्रकरण कोर्टात पोहोचलं. त्याच घरात पुन्हा हात घालायची ही वेळ नाही.

कुणीच नको, हे ताईंच्या मुलीचं म्हणणं मला सगळ्यात जास्त गंभीरपणे घ्यावंसं वाटतं. प्रवासाची झळ तिलाच लागते. पण थांबण्याची किंमत या कॉन्फरन्सने एकदा मोजलीय. 2021 मध्ये टेक्सास आणि ओक्लाहोमा बिग 12 सोडणार हे जाहीर झालं, तेव्हा पॅक-12 ने उरलेल्यांपैकी कुणाला घ्यायचं नाही असं ठरवलं. बिग 12 ने मात्र महिन्याभरात चार विद्यापीठं उचलली आणि ती वाचली. जून 2023 मध्ये सॅन डिएगो स्टेटने माउंटन वेस्ट सोडण्याच्या इराद्याचं पत्रसुद्धा धाडलं होतं. 1 जुलैला बाहेर पडण्याची फी दुप्पट होणार होती. पॅक-12 कडून आमंत्रण आलं नाही आणि पत्र मागे घ्यावं लागलं. चार आठवड्यांनी कोलोरॅडो निघालं. सॅन डिएगो तेव्हा आलं असतं तर सगळे थांबले असते असं मी म्हणणार नाही, यूएससी आणि यूसीएलए गेल्यावर पैशाचं भगदाड फार मोठं होतं. पण निर्णय पुढे ढकलल्याने एकही जण टिकला नाही.

म्हणून घ्यावं, पण अटी घालून. पहिली अट मुलांच्या प्रवासाची: बास्केटबॉल, व्हॉलीबॉल आणि सॉफ्टबॉलमध्ये कोणत्याही संघाची टेक्सासची फेरी हंगामात एकदाच, दोन्ही सामने त्याच फेरीत. हे नियमात लिहून ठेवायचं, वेळापत्रक करणाऱ्याच्या चांगुलपणावर सोडायचं नाही. बाकीच्या जोड्या तेवढ्या सोप्या नाहीत हेही मान्य करायला हवं. वॉशिंग्टन स्टेट आणि गॉन्झागा बसने होतात. फ्रेस्नो-सॅन डिएगो, बॉयसी-ओरेगन स्टेट, युटा स्टेट-कोलोरॅडो स्टेट यांच्यात लांबचा रस्ता किंवा आणखी एक विमान आहेच. दुसरी अट वाट्याची: नव्याला पूर्ण वाटा पहिल्या दिवसापासून द्यायचा, पण निघायची फी इतकी ठेवायची की दुसऱ्याची हाक आली तरी मागे उरलेल्यांचं नुकसान भरून निघेल. कमी वाटा देऊन घेतलेला सभासद मनाने कधी आपला होत नाही. डॅलसच्या एसएमयू या खासगी विद्यापीठाने एसीसीत शिरायला नऊ वर्षं टीव्हीच्या पैशावर पाणी सोडलं, कारण त्यांच्या देणगीदारांचे खिसे तेवढे खोल होते. यूटीएसएसारख्या सरकारी विद्यापीठाला ते परवडणार नाही. 2025-26 पासून खेळाडूंना थेट पैसे देता येतात, पहिल्याच वर्षी त्याची मर्यादा प्रत्येक विद्यापीठाला सुमारे 2.05 कोटी डॉलर होती. अर्ध्या वाट्यावर असलेलं विद्यापीठ त्या स्पर्धेत उतरणार कसं?

राहिला मुहूर्त. ह्यूस्टन, सिनसिनाटी आणि सेंट्रल फ्लोरिडा अमेरिकन कॉन्फरन्समधून निघाले तेव्हा नियम होता 27 महिन्यांची नोटीस आणि 1 कोटी डॉलर. त्यांना घाई होती, म्हणून प्रत्येकी 1.8 कोटी डॉलर मोजून ते 2023 मध्येच मोकळे झाले. तोच नियम धरला आणि घाईचे पैसे वाचवायचे असतील, तर 1 जुलै 2029 ला सॅन अँटोनिओच्या संघाने पॅक-12 मध्ये खेळण्यासाठी नोटीस 1 एप्रिल 2027 पर्यंत हातात पडायला हवी. सीबीएसच्या कराराचे तेव्हा दोन हंगाम उरलेले असतील. नव्या कराराच्या बोलणीला नऊ संघ आणि टेक्सासमधली जोडी घेऊन बसायचं असेल, तर कमिशनर टेरेसा गूल्ड यांना सॅन अँटोनिओला फोन त्याच्या पुष्कळ आधी करावा लागेल.